घंटा पणजीत, मनोरा जुने गोव्यात : मे महिन्याच्या सुट्टीसाठी वाचकांचे प्रश्न

शाळांना सुट्टी पडण्याच्या सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी बहुतेक ठरलेला असतो, तो म्हणजे मुलांना महिनाभर गुंतवावे कशात. यंदा मात्र बऱ्याच पालकांनी त्यापुढे जाऊन विचारले आहे की, बाहेरगावी न जाता आपल्याच गावाचा वारसा मुलांना दाखवायचा असेल तर सुरुवात कशी करावी. मला स्वतःला हा विषय फार जवळचा वाटतो, म्हणून या अंकात त्यांतील पाच पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही फोंड्यात बाजाराजवळ राहतो. मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. सासऱ्यांची प्रकृती बरी नसल्यामुळे यंदा लांब कुठे जाता येणार नाही. गावातच काही पाहू या म्हटले, तर मुले म्हणतात, "फोंड्यात बघण्यासारखे आहे काय? देवळे तर आम्ही नेहमीच बघतो." त्यांना काय दाखवावे? (एक आई, फोंडा)

उत्तर : मुलांचे म्हणणे मनावर घेण्यासारखे आहे. देवळे त्यांना नेहमी दिसतात हे खरे, पण ती बहुधा स्कूटरच्या मागच्या सीटवरून किंवा नैवेद्याची घाई चाललेली असताना दिसतात. शांतपणे बसून, दगडाकडे निरखून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. म्हणून आपण सुरुवात देवळापासून करूच नये. आपल्या घरापासून फारशी लांब नसलेल्या साफा मशिदीच्या तळीपासून करावी. मे महिन्यात साडेनऊ वाजल्यानंतर उन्हात उभे राहवत नाही, तेव्हा सकाळी साडेसहाला घर सोडावे, पाण्याची बाटली आणि एक साधी वही बरोबर घ्यावी आणि मोबाइल शक्यतो पिशवीतच राहू द्यावा.

ही तळी जांभ्या दगडात बांधलेली आहे आणि तिच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराच्या लहान लहान कमानी घडवलेल्या आहेत. गेल्या वर्षी माझ्या नातीला मी तेथे नेले होते. ती वरच्या पायरीवर बसून कमानी मोजू लागली, एकदा मोजल्या तेव्हा एक आकडा आला, दुसऱ्यांदा दुसराच, आणि तिसऱ्यांदा मोजताना तिच्याच लक्षात आले की पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबातल्या कमानीही आपण हिशेबात धरत होतो. मग ती पाण्याच्या काठाकडे बारकाईने पाहू लागली आणि तिला दिसले की जेथपर्यंत पावसाळ्यात पाणी चढते तेथपर्यंतचा चिरा काळपट हिरवा आहे आणि त्याच्या वरचा तांबूस आहे. मी तिला त्या सकाळी एकही तारीख सांगितली नाही. दुसऱ्या फेरीत ती स्वतःच विचारू लागली की हे कोणी बांधले, आणि तेव्हा मी सांगितले की मशीद १५६० सालची, आदिलशाहीच्या काळातली आहे.

हे साल मुलांच्या लक्षात राहू द्यावे, कारण आपल्या तालुक्याची पुढची गोष्ट त्याच सालाला जोडलेली आहे. त्याच १५६० मध्ये साष्टीतल्या कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, श्रीमंगेशाचे लिंग जुवारी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, आणले गेले. नदीच्या पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि अलीकडचा हा अंत्रुज महाल, म्हणजे आपला फोंडा तालुका, त्यांच्या ताब्याबाहेर होता. तो पोर्तुगीजांकडे आला थेट १७६३ मध्ये, दोनशे वर्षांनंतर. मशिदीची तळी पाहिल्यानंतर तिसऱ्या सकाळी मंगेशीला जावे, सात मजली दीपस्तंभाचे मजले मुलांना मोजू द्यावेत, तेथली तळी पाहावी आणि मग एवढेच विचारावे, "एकाच साली एका ठिकाणी मशीद उभी राहिली आणि चार कोसांवर देव वस्तीला आला, तेव्हा या रस्त्यावर कोण कोण चालत असेल?" उत्तर आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही. मुले जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे.

त्यानंतर बांदिवड्याच्या नागेशीला अवश्य जावे. फोंडा तालुक्यातील अनेक देव बाहेरून आलेले आहेत, नागेश मात्र मूळचा इथलाच, आणि विजयनगरच्या काळातला १४१३ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. आता मुलांना वजाबाकी करायला सांगावी. मशीद उभी राहण्याच्या दीडशे वर्षे आधी या देवळाच्या अंगणात दगडावर अक्षरे कोरली गेली होती, हे स्वतः हिशेब करून काढले की जे कुतूहल जागे होते ते मार्गदर्शकाच्या भाषणाने होत नाही. मंडपातल्या लाकडी पट्टीवर रामायणातले प्रसंग कोरलेले आहेत. मान वर करून त्यांतला एकच प्रसंग ओळखायचा, एवढे काम एका भेटीला पुरे आहे. उत्साह टिकलाच तर शेवटी खांडेपारला नदीकाठची जांभ्या दगडातली चार लेणी आहेत, त्यांतल्या छतावर कोरलेले कमळ पाहण्यासाठी विजेरी न्यावी.

आपल्या सासऱ्यांविषयी आपण लिहिले आहे, ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक सकाळी परत आल्यावर मुलांनी त्यांच्या खाटेजवळ बसून काय पाहिले ते त्यांना सांगावे. ते फोंड्यातच वाढलेले असतील तर या तळ्यांत ते पोहायला शिकले असतील, नागेशीच्या उत्सवात रात्रभर दशावतारी काला पाहत बसले असतील, बाजारातले कोणते दुकान पूर्वी कशाचे होते हे त्यांना पाठ असेल. आजारी माणसाला दिवसभर औषधाच्या वेळा विचारल्या जातात, त्याच्या आठवणी कोणी विचारत नाही. मुलांच्या पुढच्या फेरीचा पत्ता त्यांनाच ठरवू द्यावा.

मशिदीत जाताना नमाजाची वेळ टाळावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि तेथे असलेल्या माणसाला विचारूनच आत पाऊल टाकावे. ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा दगडावर खडूने काही लिहिणे किंवा कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणे येथे चालणार नाही. तळीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून मुलांना खालच्या पायरीवर उतरू देऊ नये.

प्रश्न : गेल्या सुट्टीत आम्ही पणजी आणि जुने गोवे मिळून वीस ठिकाणांची यादी केली आणि दोन दिवसांत सगळी पाहिली. मुलांना आज त्यातले काहीही आठवत नाही, चर्च म्हटले की "पुन्हा चर्च?" असे म्हणतात. आमचे काय चुकले? (एक वडील, ताळगाव)

उत्तर : वीस ठिकाणे दोन दिवसांत पाहिली, हेच चुकले. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही, कारण पर्यटकांच्या बसगाड्या जे करतात तेच आपण आपल्या घरच्या गावात करू लागलो आहोत आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटेनासे झाले आहे. यंदा यादी बाजूला ठेवावी आणि एकाच वस्तूचा माग काढावा. आपल्यासाठी मी एक घंटा सुचवतो.

पणजीच्या चर्चच्या, म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या दर्शनी भागावर मध्यभागी जी मोठी घंटा टांगलेली दिसते, ती मूळची या चर्चची नव्हे. १५४१ मध्ये इथे एक लहान प्रार्थनामंदिर होते आणि आजची वास्तू १६१९ ची आहे. घंटा मात्र १८७१ मध्ये येथे आली. ती मूळ जुने गोव्याच्या टेकडीवरल्या संत ऑगस्टीनच्या मठाची. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला, पुढे चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोराही ढासळला. त्याच्या आधीच घंटा तेथून हलवली गेली होती म्हणून ती वाचली. १८४१ पासून तीस वर्षे ती आग्वाद किल्ल्यात होती आणि तेथून पणजीला आली. वजन सुमारे २२५० किलो. सगळ्या गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, जुने गोव्याच्या से कॅथेड्रलमधली.

आता तीन सकाळी तीन जागी जावे. पहिल्या सकाळी पणजीच्या चर्चसमोरच्या नागमोडी पायऱ्यांच्या तळाशी उभे राहावे, घंटा कधी वाजते ते तेथे विचारून घ्यावे आणि ती वाजेपर्यंत थांबावे. थांबणे हाच त्या दिवसाचा कार्यक्रम आहे. नाद विरेपर्यंत कोणी बोलायचे नाही असे ठरवले तर मुले ते मोठ्या निष्ठेने पाळतात. पायऱ्यांवरून उतरल्यावर मळा भागातल्या फोंटेनेश या जुन्या वस्तीपर्यंत चालत जावे, निळ्या रंगकामाच्या फरशांवर लिहिलेली घरांची नावे वाचावीत आणि नाश्त्याला घरी परतावे.

दुसऱ्या सकाळी रायबंदरच्या रस्त्याने जुने गोव्याला जावे. या वाटेवर पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जो सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बंधाऱ्यासारखा पूल आहे, तो १६३३-३४ मध्ये लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या काळात बांधला गेला. आपण त्याच्यावरून असंख्य वेळा गेला असाल. या वेळी गाडी रायबंदरच्या टोकाला सुरक्षित जागी उभी करून मागे वळून पाहावे आणि मुलांना सांगावे की आपण आत्ता ज्याच्यावरून आलो त्याला चारशे वर्षे होत आली, आणि त्यावरून अजून बस धावते. मग टेकडीवर जावे. मनोऱ्याची मूळ उंची सुमारे ४६ मीटर होती. आज त्याचा जो भाग उभा आहे त्याच्या पायथ्याशी झोपून वर पाहिले म्हणजे पोकळी दिसते. घंटा तेथेच कुठेतरी होती, एवढे मुलांना सांगितले की पुरे. त्या दिवशी से कॅथेड्रल, बाँ जेझूस, वस्तुसंग्रहालय यांतले काहीही पाहू नये. ते सगळे तेथेच आहे, पुन्हा जाता येईल.

तिसऱ्या सकाळी पणजीहून बेतीपर्यंत फेरीबोटीने आणि पुढे बसने आग्वादला जावे. किल्ला १६१२ चा, नावात पाणी आहे, कारण समुद्रातून येणारी जहाजे येथे पिण्याचे पाणी भरून घेत. येताना फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहून मुलांना विचारावे की मांडवीवर एकही पूल नव्हता तेव्हा सव्वादोन टनांच्या आसपासची ही घंटा मनोऱ्यावरून उतरवून, एवढ्या लांब नेऊन, पुन्हा वर कशी चढवली असेल. माझ्या ओळखीच्या एका दहा वर्षांच्या मुलाने यावर होडी, ओंडके, दोरखंड आणि हत्ती असे चार पर्याय काढले आणि हत्ती होडीत मावणार नाही म्हणून तो स्वतःच खोडला. तीन ठिकाणे, मध्ये नदी, असा नकाशा त्याने काढला होता. तो अजून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला आहे.

दुपारी ऊन असते तेव्हा पाटो भागातल्या संस्कृती भवनात कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये सुरू झालेले हे देशातले सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय मानले जाते. मुलांच्या विभागात बसता येते, आणि मोठ्यांना गोव्याच्या इतिहासाची पुस्तके तेथे मिळतात.

प्रश्न : आमचा नातू दहा वर्षांचा आहे. महालसेच्या देवळात त्याने विचारले, "आजी, देवी वेर्णेहून इथे का आली?" मी म्हटले, तिला ही जागा आवडली. आता तो विचारतो की वेर्णे का नाही आवडले. त्याला खरे सांगावे का? त्याचे जवळचे दोन मित्र ख्रिस्ती आहेत, म्हणून मन धजत नाही. (एक आजी, मार्दोळ)

उत्तर : आपल्या प्रश्नाने मला रात्री उशिरापर्यंत जागे ठेवले. माझे मत असे की खरेच सांगावे, कारण दहा वर्षांच्या मुलाला अर्धे उत्तर दिले तर उरलेले तो दुसरीकडून मिळवतो, आणि ते कोणत्या तोंडून, कोणत्या सुरात येईल यावर आपला ताबा राहत नाही. आजीच्या तोंडून आलेले सत्य त्याला जास्त झेपेल.

त्याला असे सांगता येईल. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर तेथली देवळे पाडली गेली. गावच्या लोकांनी आपले देव रातोरात उचलले आणि नदी ओलांडून जेथे ते सुरक्षित राहतील तेथे नेले. वेर्णेहून महालसा मार्दोळला आली, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीहून रामनाथ बांदिवड्याला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर पलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले. हे दुःखद आहे आणि ते दुःखद म्हणूनच सांगावे, त्याची गोड गोष्ट करू नये. पण त्याच बैठकीत त्याला हेही सांगावे की जे देवाबरोबर नदी ओलांडून आले ते आणि जे घर, शेत, म्हातारी आई सोडवेना म्हणून गावातच राहिले ते, एकाच गावचे आणि पुष्कळदा एकाच कुळाचे लोक होते. त्याचे मित्र ही देवळे पाडणाऱ्यांचे वंशज नव्हेत, मागे राहिलेल्यांचे आहेत. हा फरक मुलाच्या मनात पहिल्या दिवशीच स्पष्ट झाला पाहिजे.

नंतर त्याला प्रत्यक्ष पाहायला न्यावे. एके सकाळी मार्दोळहून निघून बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडावी आणि वेर्णेला जावे. देवी ज्या दिशेने आली तिच्या उलट दिशेने जायचे. बोरीच्या पुलावर पोहोचला की नदी किती रुंद आहे ते त्याचे तोच पाहील. "पाण्यातून मूर्ती कशी नेली?" हा त्याचा पुढचा प्रश्न असेल, आणि त्या प्रश्नात राग नसून आदर असेल.

दुसरे असे की आपल्याच देवळाकडे त्याला नव्याने पाहायला सांगावे. फोंड्याच्या देवळांवरचे घुमट, अष्टकोनी शिखरे, कमानदार खिडक्या यांचे आणि चर्चच्या बांधकामाचे नाते उघड आहे. कवळ्याचे आजचे देऊळ छत्रपती शाहूंच्या काळात, १७३८ च्या सुमारास उभे राहिले, आणि ते बांधणाऱ्या कारागिरांच्या डोळ्यांपुढे नदीपलीकडच्या इमारतीही होत्याच. वहीच्या एका पानावर देवळाची खिडकी आणि समोरच्या पानावर मित्राच्या चर्चची खिडकी काढायला सांगावी. मित्रांनाही बरोबर घेतले तर फारच चांगले. ते आपल्या चर्चची खिडकी काढतील.

म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे तेथल्या चर्चमधली मेरीमाता, आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी आहेत, असे बारदेश आणि डिचोलीतले लोक मानतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी शिगम्याच्या सुमारास निघणाऱ्या छत्र्यांच्या मिरवणुकीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकर आजही सामील होतात. हे सगळे त्याला सांगण्याजोगे आहे. शिरगावची जत्रा एप्रिल-मेच्या सुमारास येते, पण तिच्या गर्दीत मुलाला नेऊ नये. जत्रा उलटल्यावर एखाद्या साध्या दिवशी जावे, म्हणजे देऊळही दिसते आणि बोलायला माणसेही मिळतात.

प्रश्न : मुले पाच आणि सात वर्षांची. आम्ही मडगावात फ्लॅटमध्ये राहतो. जुन्या वास्तू, शिलालेख वगैरे त्यांना कळणार नाहीत, आणि उन्हात फिरवणेही नको वाटते. घरबसल्या काही करता येईल का? (एक आई, मडगाव)

उत्तर : येईल, आणि आपण नेमक्या त्याच गावात राहता जेथे या वयाच्या मुलांना समजेल असा वारसा मे महिन्यात रस्त्यावर मांडलेला असतो. पुरुमेंत हा शब्द आपल्या सासूबाईंना विचारावा. पोर्तुगीज भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ तरतूद असा आहे: पूर्वी पावसाळ्यात मासेमारी बंद, वाटा बंद असत, तेव्हा घरात काय काय भरून ठेवायचे त्याचा हा साठा. मडगावात याच सुमारास पुरुमेंताचे फेस्त भरते. मुलांना संध्याकाळी तेथे न्यावे आणि प्रत्येकाला एकच काम द्यावे: एकाने वासावरून पाच वस्तू ओळखायच्या, दुसऱ्याने विकणाऱ्या बाईला विचारायचे की ही मिरची कोणत्या गावची. खोल्याची, हरमलची अशी गावांची नावे मिरचीबरोबर मुलांच्या तोंडी बसतात आणि ती नकाशावरून कधीच बसत नाहीत.

घरी करायचे काम म्हणजे सोलां, अर्थात आमसुले. पिकलेले रातांबे, म्हणजे आपली भिंडां, बाजारातून आणावीत, फोडून बिया आणि गर एका भांड्यात आणि साले दुसऱ्यात काढावीत. सालांना मीठ लावून ती बाल्कनीतल्या उन्हात पसरावीत, संध्याकाळी पुन्हा त्या रसात बुडवावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाकावीत. असे काही दिवस चालते. पहिल्या दिवशी लाल असलेली साले दिवसागणिक काळी पडत जातात, आणि सात वर्षांच्या मुलाला रोज त्यांचा रंग वहीत खडूने भरायला सांगितला तर आठवड्याभरात तांबड्यापासून काळ्यापर्यंतची एक सुंदर पट्टी तयार होते. हात आणि फ्रॉक रंगतील, जुने कपडे घालावेत. जुलैत त्या सोलांची सोलकढी पानात आली की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

आजोळी जुने घर असेल तर चार दिवस तेथे जावे. घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूचे नाव, ती कशासाठी वापरत आणि शेवटची कधी वापरली एवढे आजीकडून विचारून घ्यावे: रोवळी, भाण, वायन, भात मोजण्याची पायली, पेटारा. त्या वस्तू पुसून ओळीने राजांगणात मांडाव्यात आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना पाहायला बोलवावे. शेजारीण हमखास म्हणते की आमच्याकडेही एक आहे, आणि ती आणायला घरी जाते.

प्रश्न : माझी आई मूळची कुर्डीची. धरणात गाव गेला तेव्हा ती तरुण होती. मेमध्ये पाणी ओसरल्यावर ती जाऊन येते, पण मुलांना नेत नाही, म्हणते, "तिथे काय दाखवू, चिखल?" मुलांना न्यावे की नाही? (एक वाचक, सांगे)

उत्तर : न्यावे, आणि आईबरोबरच न्यावे. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला हा गाव वर्षातून काही आठवडेच वर येतो, त्यामुळे या सुट्टीइतकी योग्य वेळ दुसरी नाही. आपल्या आईला चिखल दिसतो कारण त्याच्या जागी काय होते ते तिला आठवते. मुलांना मात्र घरांची जोती दिसतील, तुटके तुळशीवृंदावन दिसेल, विहिरीचे तोंड दिसेल, आणि यांतले कोणते कोणाचे हे सांगू शकणारे माणूस त्यांच्या शेजारी उभे असेल. अशी संधी आम्हां बाकीच्यांच्या मुलांना नाही. गावकरी सोमेश्वराच्या उत्सवासाठी आणि कपेलातल्या फेस्तासाठी याच महिन्यात एकत्र जमतात. त्यांपैकी एखादा दिवस आईला विचारून निवडावा, म्हणजे तिच्या मैत्रिणीही भेटतील आणि एकमेकींच्या आठवणी दुरुस्त करून घेतील. ते ऐकणे हाच खरा पाठ आहे.

जाताना एक कोरा मोठा कागद न्यावा. आईने आपल्या घराच्या जोत्यावर उभे राहावे आणि मुलांनी तिच्या सांगण्यावरून वाडा आखावा: उजवीकडे कोणाचे घर, पाणवठा कुठे, शाळेची वाट कोणती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ मध्ये याच गावात जन्मल्या, त्यांच्या घराचे अवशेषही त्या कागदावर यावेत. परतताना धरणाजवळ कुर्डीचे महादेवाचे देऊळ पाहावे. ते बुडू नये म्हणून पुरातत्त्व खात्याने त्याचे दगड सुटे करून सुमारे १७ किलोमीटरवर आणून पुन्हा उभे केले आहे. देऊळ हलवता आले आणि घरे का हलवता आली नाहीत, असे मुले विचारतील. त्याचे उत्तर आपल्या आईला देऊ द्यावे.

वेळ उरला तर रिवणकडच्या उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत, बैल, हरणे आणि एक चक्रव्यूहासारखी आकृती. गावकऱ्यांनी दाखवल्यामुळे १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. चित्रांवर पाय देऊ नये, रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नये. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर गेले की तिरप्या उन्हात त्या आपोआप उठून दिसतात.

कुर्डीत ओसरत्या पाण्याच्या कडेचा गाळ वरून वाळलेला दिसतो पण आत मऊ असतो, तेव्हा मुलांना जुन्या वाटेवरूनच चालवावे आणि पाण्याच्या काठाकडे जाऊ देऊ नये. सकाळी लवकर निघावे, कारण सावलीला तेथे झाड उरलेले नाही. आणि हे सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. वळवाचे दोन मोठे पाऊस झाले की जोती पुन्हा पाण्याखाली जाऊ लागतात.